वैशाखाचा पडदा

"बघून आलात?"

कुणी काहीही सांगितलं की पेंटर कानामागचा ब्रश काढून हातात घ्यायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि एवढंच विचारायचे. दादरला कोबी स्वस्त झालाय म्हणा, अमक्या गिरणीला टाळं लागणार म्हणा, नाहीतर सरकार पडतंय म्हणा, प्रश्न ठरलेला. समोरचा "नाही, ऐकलं" म्हणाला की ब्रश परत कानामागे जायचा आणि पेंटर कामाला लागायचे. त्यांच्या लेखी ती गोष्ट अजून घडलेलीच नसायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यासमोर बोलताना आपला आवाज आपोआप खाली येतो आणि निम्म्या गप्पा आपण गिळून टाकतो. पेंटर येणार असले की मी तर सकाळचं वर्तमानपत्रसुद्धा घडी करून खणात ठेवायचो.

मी तेव्हा गिरगावाजवळच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. हुद्दा ऐकायला भारदस्त. काम म्हणजे तारा जोडणं, भिंगं पुसणं आणि मुलांनी एकमेकांची उतरवून आणलेली जर्नलं तपासणं. पेंटर वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचे. सगळं जग त्यांना पेंटर म्हणायचं, त्यांच्या बायकोसकट. आमच्या कपाटांवर आकडे टाकायला आणि व्याख्यानाच्या हॉलसाठी माणसाच्या डोळ्याचं मोठं चित्र काढायला हेडसाहेबांनी त्यांना बोलावलं होतं. पन्नाशीचे गृहस्थ, हातात पत्र्याची पेटी, आणि लेंग्यावर मुंबईतल्या सगळ्या दुकानांचे रंग.

साहेबांनी जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडून डोळ्याची आकृती दाखवली. "हे असंच्या असं मोठं करायचं."

"हे कुणी काढलं?"

"पुस्तकवाल्यांनी."

"त्यांनी डोळा बघितला असंल," पेंटर म्हणाले. "तुमी बघून आलात?"

साहेब वीस वर्षं डोळा शिकवत होते. ते लाल झाले, मग गोरेमोरे झाले आणि शेवटी त्यांनी शिपायाला खाटकाकडे पाठवून बोकडाचा डोळा मागवला. ब्राह्मण शिपायाने तो डबा हातभर लांब धरून कसा आणला ते मी बघितलं आहे. पेंटरनी डोळा कापायला लावला, भिंग घेऊन तासभर बघितला आणि मग चित्र काढलं. ते चित्र इतकं जिवंत झालं की शेवटच्या बाकावरची मुलं त्याच्याकडे पाठ करून बसायची. आमची ओळख तिथून झाली. ते मला मास्तर म्हणायला लागले आणि मीही ते नाव चालू दिलं.

त्यांच्या या सवयीपायी गिऱ्हाईकं कमी भांडायची नाहीत. दादरच्या एका दूधवाल्याने पाटीवर गाय काढायला सांगितली. पेंटर त्याच्या गोठ्यात जाऊन बसले आणि त्याचीच गाय काढून आले; डावं शिंग अर्धं मोडलेलं, पोटावर चट्टा. दूधवाला चवताळला. त्याला कॅलेंडरवरची गुबगुबीत गाय हवी होती. पण दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईकं पाटीखाली उभी राहून "अरे, ही तर आपलीच!" म्हणायला लागली, तेव्हा त्याचा आवाज बसला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. मोर्चाचे कापडी फलक वरळी-परळकडचे लोक पेंटरकडून रंगवून घ्यायचे, आणि पेंटर त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. पण फलक देऊन घरी बसतील तर ते पेंटर कसले! मोर्चाच्या शेवटच्या टोकाला जाऊन ते आपली अक्षरं तिथून वाचता येतात का ते बघायचे. एकदा लाठीमार झाला. दुसऱ्या दिवशी खांद्याला हळद लावून माझ्याकडे आले. मी घाबरून विचारलं, काय झालं?

"खालची ओळ बारीक झाली, मास्तर," ते म्हणाले. "पन्नास पावलांवरनं दिसत नाय."

त्या खांद्याबद्दल दुसरं अक्षर काढलं नाही.

आता पडद्याची गोष्ट. धर्मांतराला दीड वर्ष झालं होतं. त्यांच्या चाळीतल्या गिरणीकामगारांचं एक नाट्यमंडळ होतं. त्यांनी वैशाखी पौर्णिमेला बुद्धाच्या आयुष्यावर नाटक बसवायला घेतलं. चाळींमधल्या मैदानात मंडप, तीन-चार हजार माणूस येणार. शेवटच्या प्रवेशात सिद्धार्थ बोधिवृक्षाखाली बसलेला आणि मागे पौर्णिमेचं आकाश. तो पडदा पेंटरकडे आला.

कापडाला पैसे नव्हते. पेंटरनी मोर्चांचे जुने फलक गोळा केले, आपल्या बायकोकडून, आमच्या वहिनींकडून, ते एकाला एक शिवून घेतले आणि अठरा हात लांब पडदा तयार केला. फलकांवरची अक्षरं तेलरंगातली, ती जाणारी नव्हती. त्यांच्यावर खडू आणि सरसाचा जाड हात मारला, की झाला पांढराशुभ्र.

मग पेंटर माझ्याकडे आले आणि त्यांनी प्रश्न टाकला. "त्या रात्री आकाशात काय होतं?"

मी म्हटलं, "चंद्र होता. पौर्णिमा होती."

"ते लहान पोरालाबी ठावं हाय. कुठं होता? कुणाच्या शेजारी?"

मी थोडी पुस्तकं चाळली आणि सांगितलं. वैशाखातला पूर्ण चंद्र विशाखा नक्षत्राजवळ असतो, म्हणून तर तो वैशाख. विशाखेच्या पुढे विंचू. पहाटे हे सगळं पश्चिमेकडे कललेलं असतं. पेंटर खूश झाले. त्यांचा हिशेब डोक्यात चालू होता. "सिद्धार्थ पूर्वेला तोंड करून बसला. म्हणजे त्याच्यासमोर बसलेली पब्लिक पूर्वेला. म्हणजे आपला पडदा पश्चिमेचा. बरोबर?" पदार्थविज्ञानाचा पदवीधर मी; मला हे सुचलं नव्हतं.

मंडळाचा सेक्रेटरी म्हणजे गिरणीच्या कापडखात्यातला एक उत्साही तरुण. त्याला भरगच्च आकाश हवं होतं. पेंटर म्हणाले, पौर्णिमेला बारीक तारे दिसत नाहीत, मोजून पंचवीस मिळतील. त्याला विंचवाच्या नांगीवर शनीही हवा होता, कारण त्या वर्षी तो तिथे दिसत होता आणि कुणीतरी त्याला दाखवला होता. मी सांगितलं, तारे जागा सोडत नाहीत. ग्रह म्हणजे भाडेकरू, आज या खोलीत, उद्या त्या.

"म्हंजी आपण सगळे ग्रहच," पेंटर म्हणाले, आणि शनी रद्द झाला.

मोठं भांडण झालं ते पहाटेच्या शुक्रावरून. संहितेत लिहिलं होतं की शुक्राचा तारा उगवतो आणि सिद्धार्थाला ज्ञान होतं. सेक्रेटरी म्हणाला, पडद्यावर चंद्राशेजारी मोठा शुक्र काढा. पेंटर म्हणाले, शुक्र पहाटे पूर्वेला असतो, पूर्व पब्लिकच्या पाठीमागे आहे, तो पडद्यावर येणारच नाही.

"मग काय लोकांच्या पाठीमागे टांगू?"

"टांगू," पेंटर शांतपणे म्हणाले.

तारे कुठे कसे मांडायचे, त्यासाठी मी त्यांना आमच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथे पितळी कड्यांत बसवलेला एक खगोल होता; पृथ्वीचा गोल असतो तसाच आकाशाचा, त्याच्यावर सगळी नक्षत्रं. विलायतेहून आलेली वस्तू, मी दर शनिवारी पुसायचो. मोठ्या ऐटीत म्हटलं, "घ्या. सगळं आकाश हातात."

मला तेव्हाच आश्चर्य वाटायला हवं होतं. हा माणूस गाय बघायला गोठ्यात गेला, डोळा बघायला खाटकापर्यंत पोचला, आणि आकाश तर त्याच्या गच्चीवर फुकट होतं. पण पेंटर त्या गोलावर वाकले, नाक टेकेल इतके जवळ, आणि चार दुपारी बसून विंचवाचा एकेक तारा उतरवून घेतला. "बघून आलात?" हा प्रश्न त्यांनी त्या वेळी स्वतःला विचारला नाही. मीही विचारला नाही.

पाच आठवडे व्यायामशाळेच्या फरशीवर पडदा पसरून पेंटर गुडघ्यावर रांगत होते. गुळीची नीळ आणि सरस कालवून निळ्याच्या सात छटा केल्या होत्या. पिंपळाच्या फांद्या अशा बेताने काढल्या की त्यांच्या फटीतून एकेक तारा दिसावा. नाटकाला सहा दिवस राहिले तेव्हा पडदा गच्चीवरून खाली सोडून वाळत घातला. कॉलेज सुटल्यावर मीही बघायला गेलो. सगळी चाळ खाली उभी होती आणि माना वर करून बघत होती. मला त्या गोलाचा आणि स्वतःचा फार अभिमान वाटला.

तेवढ्यात वरळी कोळीवाड्यातला एक म्हातारा तांडेल आला. त्याच्या होडीवर नाव आणि नंबर पेंटरच घालायचे. त्याचंच काहीतरी विचारायला आला होता. पन्नास वर्षं होडी हाकलेला माणूस. कमरेवर हात ठेवून त्याने पडद्याकडे बघितलं.

"पेंटर, यो विंचू उपराटा कशाला काडलाय?"

कुणी हसलं. पेंटर हसले नाहीत. "कसा उपराटा?"

"पाटं आमी दर्यावर निगतो तवा त्याची नांगी डाव्या अंगाला अस्ते. तुमी उजवीकडं काडलीय. ह्या विंचवावर जो होडी घालंल तो वसईला जायाचा सोडून खडकावर जाईल."

मी पुढे झालो. सांगितलं की हे सगळं शास्त्रीय आहे, गोलावरून घेतलेलं आहे, गोल विलायतेचा आहे. तांडेलाने माझ्याकडे, बाजारात शिळी मासळी बघावी तसं बघितलं. "आसंल. आमचा विंचू हितलाच हाय."

पेंटरनी कानामागचा ब्रश काढून हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "मास्तर, हाटेलाच्या काचेवर आपण भायेरनं नाव रंगवतो. आत चा पीत बसलेल्याला ते कसं दिसतं?"

"उलटं," मी म्हटलं. गोल आपण बाहेरून बघतो. आकाश आपण आतून बघतो. दर शनिवारी ती वस्तू पुसणाऱ्या मला हे कधी सुचलं नव्हतं, आणि काचेवर नावं रंगवणाऱ्या माणसाने ते एका वाक्यात सांगितलं. मी म्हटलं, "पेंटर, चूक माझी आहे."

"गोल तुमचा, हात माझा," ते म्हणाले. "मी बघून काढलं नाय. दुसऱ्यानं बघितलेलं बघून काढलं. चला, उद्या पहाटे जाऊ."

त्या रात्री मी त्यांच्याच खोलीत झोपलो. गिरगावातून वरळी बसने अर्ध्या तासाची वाट. पण तिथल्या चाळीत मी त्या महिन्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि मधे घरी जाऊन आईला काय सांगून आलो होतो ते इथे लिहायला मला आजही लाज वाटते. वहिनींनी सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी वाढली.

पहाटे चारच्या सुमारास आम्ही समुद्राकडे निघालो. चंद्र केव्हाच मावळला होता. जिन्यावर पेंटरनी माझा दंड धरला आणि मग सोडला नाही. वाटेत सपाट रस्त्यावरही दोनदा ठेचकाळले. मला वाटलं, झोप झाली नसेल. किनाऱ्यावर आलो. पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की जरा डावीकडे सगळा विंचू लखलखत होता. डोकं उजवीकडे, समुद्राकडे झुकलेलं, मधे लाल ज्येष्ठा, आणि नांगी डावीकडे. अगदी तांडेल म्हणाला तशी.

"सांगा, मास्तर," पेंटर म्हणाले. "नांगी कुठल्या बाजूला?"

मी म्हटलं, "समोर तर आहे. बघा ना."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचं तोंड विंचवाकडे नव्हतंच. ते नुसत्या अंधाराकडे तोंड करून उभे होते.

मग त्यांनीच सांगितलं. काचबिंदू होता. दोन वर्षं झाली होती. डॉक्टरनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती सांभाळा. उजेडात, जवळचं, नाकासमोरचं दिसायचं, ब्रश चालायचा. पण अंधारात काही उरलं नव्हतं, तारे तर नाहीतच. घरी वहिनींखेरीज कुणाला माहीत नव्हतं. आंधळ्या पेंटरला काम कोण देणार? म्हणून ते गच्चीवर गेले नव्हते. म्हणून माझ्या पितळी गोलावर नाक टेकवून बसले होते. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना "बघून आलात?" विचारलं, त्याला एकदाच न बघता काढावं लागलं, आणि तेवढंच नेमकं चुकलं. मला रडू आलं. अंधार होता ते बरं.

"डावीकडे," मी म्हटलं.

"किती वाकडी? हातानं दाखवा. माझ्या हातावर काढा."

मी त्यांच्या तळहातावर बोटाने विंचू काढला, एकेक तारा दाबून. त्यांनी मूठ मिटली. म्हणाले, "ह्याच्यावर पुन्ना काढायचा. पाच दिवस हायत."

सरसाचा रंग दुसरा थर घेत नाही. ओला झाला की खालचा रंग सुटून वर येतो आणि सगळा चिखल होतो. पुन्हा काढायचं म्हणजे पडदा धुवायचा. पाच आठवड्यांचं सगळं काम धुऊन टाकायचं. सेक्रेटरी हातापाया पडायच्या बेतात आला. "पेंटरकाका, विंचू इकडे काय नि तिकडे काय! आपल्या लोकांत कोण बघणार आहे?"

तेव्हा मी पेंटरचा आवाज चढलेला ऐकला, एकदाच.

"आपल्या लोकांत कोण बघणार! हेच आजवर ऐकत आलो ना? ह्यांचं असंच असतं, ह्यांना चालतं, ह्यांचं चालवून घ्या. मला चालवून घेतलेलं नको. रोज वंदनेत काय म्हणतोस तू? एहिपस्सिको. ये आणि बघ. 'आम्ही सांगतो म्हणून मान' असं म्हणतोस काय? उद्या कोणी आला आणि त्यानं बघितलं, तर?"

सेक्रेटरीने चपला काढून बाजूला ठेवल्या. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून म्हणाला, "पाण्याचं काय करायचं तेवढं सांगा."

पाण्याचंच कठीण होतं. नळाला पहाटे दोन तास पाणी, त्यात मे महिना. वहिनी त्या दिवशी मजल्या-मजल्यावर दार वाजवत फिरल्या. उद्या प्रत्येक घराने एक हंडा पेंटरला द्यायचा. एक बाई म्हणाली, "काढलेलं धुवायला आमचं पाणी?"

"हो बाय," वहिनी म्हणाल्या. "काढताना मागितलं नव्हतं. धुताना मागते."

दुसऱ्या दिवशी पहाटे तळमजल्याच्या धुण्याच्या जागेवर बाया हंडे घेऊन रांगेने उभ्या होत्या. पेंटरनी पहिला हंडा स्वतः ओतला. निळं पाणी गटाराकडे धावायला लागलं. चंद्र गेला, पिंपळ गेला, विंचू गेला. मग खडूचा पांढरा थर सुटला आणि खालून अक्षरं वर यायला लागली. फलक जसे हाताला आले तसे शिवलेले, त्यामुळे एक "मुंबईसह" आडवं, त्याच्या डोक्यावर "पाहिजे", कोपऱ्यात उलटं "महाराष्ट्र", आणि बरोबर मधोमध, जिथे चंद्र होता तिथे, हातभर उंचीचं "झालाच".

आधी एक बाई हसली, मग सगळ्याच. कोणीतरी ओरडलं, "पेंटर, बघा! पडदाच सांगतोय!" पेंटर वाकून, अक्षराला नाक लावून, ते वाचत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून निळं पाणी ओघळत होतं. "हे अक्षर बरं जमलंय," ते म्हणाले.

पडदा वाळल्यावर पुन्हा खडू-सरसाचा पांढरा हात मारला. मी रजा टाकली. रोज पहाटे किनाऱ्यावर जाऊन बघायचं आणि येऊन फरशीवर दोरी आणि खडूने तारे मांडायचे, हे माझं काम. पेंटर माझ्या खुणेवर गुडघे टेकायचे आणि ब्रश लावण्याआधी दर ताऱ्याला विचारायचे, "बघून आलात?" मी हो म्हटल्याशिवाय एकही तारा लागला नाही. पाचव्या दिवशी दुपारी पडदा पुरा झाला. पहिल्यासारखा सुबक नव्हता. पिंपळ घाईतला होता. पण विंचू खरा होता.

नाटकाच्या दिवशी तांडेल पहिल्या रांगेत येऊन बसला. शेवटचा पडदा उघडल्यावर तो शेजाऱ्याकडे वळून, मंडपभर ऐकू जाईल असं म्हणाला, "आता घाल होडी."

पेंटर मात्र पुढे नव्हते. मंडपाच्या पार शेवटी, लोकांच्या पाठीमागे, त्यांनी एक बांबू उभा केला होता आणि त्याच्या टोकाला दिव्याचा एक गोळा बांधला होता, तो पहाटेचा शुक्र. त्याचं बटण हातात घेऊन ते स्टुलावर बसले होते. मी शेजारी उभा. एवढ्या लांबून त्यांना स्टेजवरचं काही दिसत नव्हतं. ते कान देऊन संवाद ऐकत होते.

संवाद संपले. सिद्धार्थ झालेला कामगार डोळे उघडून समोर, सगळ्यांच्या डोक्यांवरून, पूर्वेकडे बघायला लागला. पेंटरनी बटण दाबलं. सिद्धार्थाच्या चेहऱ्यावर इतक्या लांबून उजेड काय पडणार; पण त्याने बघितलं अशा नजरेने की पहिल्या रांगेतली पोरं मागे वळली. मग त्यांच्या आया वळल्या. मग रांगेमागून रांग, तीन-चार हजार माणूस, सगळा मंडप मान वळवून त्या ताऱ्याकडे, म्हणजे आमच्याकडे, बघायला लागला. इतके चेहरे मी आयुष्यात एकदम बघितले नव्हते.

पेंटरनी माझा दंड धरला. "वळले काय?"

"वळले."

"सगळे?"

"सगळे, पेंटर."

"बघून सांगताय ना?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

पुढच्या वर्षी नजर पार गेली आणि ते वहिनींबरोबर रत्नागिरीकडे आपल्या गावी निघून गेले. त्या पडद्यासमोर आणखी दोन वैशाख नाटक झालं असं सेक्रेटरीने मला सांगितलं. मी बघायला गेलो नाही; त्यामुळे पेंटरच्या हिशेबाने ते झालंच की नाही, मला सांगता येणार नाही.

महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, त्या आठवड्यात मला एक पोस्टकार्ड आलं. अक्षर नातीचं, बोलणं त्यांचं. "मुंबईत रोषणाई झाली म्हणतात. बघून आलात? कळवा." मला गर्दीचा कंटाळा, मी गेलो नव्हतो. कार्ड आलं त्या संध्याकाळी दादरपासून परळपर्यंत आणि परत चालत गेलो. बरेच दिवे तोवर उतरवले होते. जे उरले होते त्यांचे रंग, माळा, कुठल्या दुकानावर काय लिहिलं होतं आणि ते किती पावलांवरून वाचता येत होतं, सगळं चार पानी पत्रात लिहिलं.

दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं. "पत्र दोनदा वाचून घेतलं. रोषणाई कळली. वैशाख आहे, आणि विंचवाचं काही लिहिलं नाहीत."

मी दुसऱ्याच दिवशी पहाटे वरळीला गेलो. समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो, पुरता उजेड होईपर्यंत. घरी येऊन लिहिलं: ज्येष्ठा लाल आहे. शनी तिथून पुढच्या खोलीत राहायला गेला. नांगी डावीकडे.

त्या पत्राला उत्तर आलं नाही. मी मात्र बघून आलो होतो.